चेहऱ्याची जागा

"तोंडासकट काढायचं, सर," मी म्हटलं. "आत्ताचं न्हाई. तवाचं."

हेर्लेकर सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत ते बसले होते, मी पायरीवर उभी होते. त्यांच्या दारात मी पहिल्यांदाच आले होते.

"तेव्हाचं म्हणजे कधीचं?"

"मी बसायला यायची तवाचं. सव्विसाव्या वर्षाचं."

ते हसले. "अगं शेवंता, माझ्याकडे येणारे लोक बिनतोंडाचं चित्र मागतात. तोंड मागणारी तू पहिलीच."

"काढा की, सर. एकच. लहान कागदावर काढलं तरी चालंल."

"कशाला हवंय?"

"हवंय," एवढंच मी म्हटलं. कारण सांगितलं तर डोळ्यांत पाणी येईल आणि रडणाऱ्या बाईचं काम लोक भीक घातल्यासारखं करतात, हे मला ठाऊक होतं. मला भीक नको होती. माझी वस्तू मला परत हवी होती.

ही शहाण्णव सालची गोष्ट. मी तेव्हा एक्कावन्न वर्षांची होते. कोल्हापुरात चित्रकलेच्या कॉलेजात झाडलोट करायला लागून मला सत्तावीस वर्षं झाली होती. वर्ग झाडायचे, पाण्याचे डबे भरायचे आणि कुणी मॉडेल आलं नाही की मुलांसमोर स्टुलावर बसायचं. बसायचे पैसे वेगळे मिळायचे. मान वळवून तासभर हलायचं नाही, माशी बसली तरी. मला ते जमायचं. शेतात भांगलायला, तण काढायला बसलेल्या बाईला बसून राहणं काही नवीन नसतं.

मी कामाला लागले तेव्हा हेर्लेकर सर कॉलेजात तरुण मास्तर होते. कॉलेजच्या मागच्या अंगाला त्यांना एक खोली दिलेली होती. एक दिवस म्हणाले, "शेवंता, वर्ग सुटल्यावर माझ्यासाठी बसशील? पाठ उघडी लागेल. घाबरू नको, दार उघडं ठेवतो." मी चार दिवस विचार केला आणि बसले. माणूस सरळ होता. दोन वर्षांत त्यांनी मला बोट लावलं नाही. पदर कसा हवा तेही लांबूनच सांगायचे.

घरात मात्र मी काही सांगितलं नव्हतं. आमचे मालक साखर कारखान्यात होते, सासू-सासरे जवळच राहायचे. पोरगी रंजी तीन वर्षांची होती. घरी कळलं असतं तर मला उभी चिरली असती.

सरांनी पहिलं मोठं चित्र केलं ते पाटावर बसून मागं वळून बघणाऱ्या बाईचं. महिनाभर चाललं होतं. पुरं झालं तसं त्यांनी मला बोलावलं. मी पुढं येऊन बघितलं. ती मी होते. नाकाजवळचा तीळ, वरच्या ओठावरचा घाम, डावा डोळा उजव्यापेक्षा जरा बारीक, सगळं. कोल्हापुरातल्या कुणीही बघितलं असतं तर म्हटलं असतं, ही तर खालच्या गल्लीतली शेवंता, आणि हिची पाठ उघडी.

मी सरांच्या पायावर डोकं ठेवलं. "सर, सगळं ठेवा, पर तोंड ठेवू नका."

ते चिडले. एवढे दिवस बसलीस, तेव्हा कळत नव्हतं का, म्हणाले. मी रडत राहिले. शेवटी त्यांनी एक चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि रागारागानं चित्रातलं माझं तोंड पुसून टाकलं. तिथं धुरकट, मातकट डाग राहिला. सर चिंधी टाकून मागं सरले आणि बघतच राहिले. मी पदर सावरून निघाले तर म्हणाले, "थांब. हलू नको. हे असंच राहू दे."

त्यानंतर त्यांनी मला पस्तीस वेळा तरी काढलं. कधी चुलीपुढं, कधी पाण्याला जाताना, कधी नुसती उभी. एकाही चित्राला तोंड नव्हतं. मला बरंच वाटायचं. चित्रं मुंबईला गेली, परदेशात गेली, सर मोठे झाले. पुढं त्यांनी नोकरी सोडली. मी झाडत राहिले.

तर त्या दिवशी व्हरांड्यात सर म्हणाले, "सोमवारी दुपारी ये. बघू या. आत्ताच्या चेहऱ्यातून तेव्हाचा शोधून काढतो. हाडं काही बदलत नाहीत."

सोमवारी मी नीट वेणी घालून गेले. त्यांनी खिडकीजवळ बसवलं, कोळसा हातात घेतला. हात अजून तसाच होता, सरसर चालणारा. कपाळ आलं, कान आले, मान आली, केसांची रेघ आली. मग हात थांबला. ते कागदाकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे, पुन्हा कागदाकडे. तासाभरानं म्हणाले, "आज राहू दे."

मंगळवारी तेच, बुधवारीही तेच. दर वेळी नवा कागद, दर वेळी कपाळ, कान, मान, आणि मध्ये रिकामं. गुरुवारी त्यांनी मधल्या जागेत एक रेघ ओढली, नाकाची असावी, आणि लगेच हातानं पुसली. मग कोळसा दोन तुकडे करून खाली टाकला.

"येत नाही, शेवंता."

"असं कसं येत न्हाई, सर? तुम्ही तर डोळं मिटूनसुदीक काढायचा मला."

"मध्ये आई येते."

मला काही कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. त्यांची आई ते पाच वर्षांचे असताना विहिरीत गेली होती. बाहेर काढली तेव्हा तोंडावर फडकं टाकलेलं. त्यांना आईचं लुगडं आठवायचं, हात आठवायचे, चेहरा आठवायचा नाही. पुण्याच्या परचुरे बाई म्हणून मानसशास्त्राच्या मोठ्या विदुषी होत्या. त्यांनी सरांच्या चित्रांवर पुस्तक लिहिलं होतं. त्यात त्यांनी दाखवून दिलं होतं की ही बिनचेहऱ्याची बाई म्हणजे फडक्याखालची आई. पोराच्या मनानं तो चेहरा बघायचं नाकारलं, म्हणून हातालाही तो काढता येत नाही.

"ते वाचलं तेव्हा मी रात्रभर रडलो," सर म्हणाले. "इतकी वर्षं मला कळत नव्हतं मी हे का करतोय. त्या बाईनं सांगितलं."

मी खाली पडलेले कोळशाचे तुकडे उचलले. मग हळूच म्हटलं, "सर, पर तिथं तोंड व्हतं. माझं. तुम्ही पुसलं, मी पाया पडली म्हणून. आठवत न्हाई का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. खोटं बोलणाऱ्या माणसाची नजर मी ओळखते. ती तसली नजर नव्हती. लहान पोराला खेळण्याचं नाव विचारल्यावर ते आठवू बघतं, तसे ते आठवायला बघत होते.

"नाही," ते म्हणाले. "असं काही झालं नाही, शेवंता. तू कुठल्यातरी दुसऱ्या चित्राचं म्हणत असशील."

"पाटावरल्या बाईचं, सर. चिंधीनं पुसलं."

"पाटावरच्या बाईला मुळात चेहरा नव्हताच."

मग मी शेवटचं विचारलं. खरं तर त्यासाठीच मी गेले होते. "सर, तवा तुम्ही वहीत पेन्सिलनं माझं तोंड काढायचासा. हात बसावा म्हणून. लई वह्या व्हत्या. त्यातला एक कागद द्या मला. फाटका असला तरी चालंल."

सर उठून खिडकीपाशी गेले. "त्या वह्या नाहीत आता. जाळल्या."

"कुणी?"

"मीच. पुस्तक आल्यावर. परचुरे बाई म्हणत होत्या, ठेवा, अभ्यासाला लागतील. पण पुस्तक वाचून झाल्यावर मला त्या वह्या बघवेनात. सगळी खोटी तोंडं वाटायला लागली. मागच्या अंगणात जाळल्या."

त्यांच्या मंडळींनी चहा आणून ठेवला, तो निवला. निघताना त्या मागोमाग दारापर्यंत आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "शेवंताबाई, आता नका येऊ. चार दिवस झाले, यांनी धड जेवण केलेलं नाही." मी मान हलवली.

पण पुढच्या महिन्यात कॉलेजनं सरांच्या साठीनिमित्त कार्यक्रम ठेवला. दसरा चौकाजवळच्या सभागृहात सरांची चित्रं मांडली होती आणि पुण्या-मुंबईची माणसं बोलायला येणार होती. सतरंज्या घालायला, पाणी ठेवायला आम्ही होतोच. पाटावरची बाई मधोमध लावली होती. पंचवीस वर्षांनी मी तिच्यासमोर उभी राहिले. पाठ माझी, दंड माझा, दंडावरची देवीची खूण माझी.

आधी परचुरे बाई बोलल्या. पांढरे केस, पांढरं सुती पातळ, आवाज गोड. विहिरीची गोष्ट त्यांनी अशी सांगितली की माझ्याशेजारच्या बाईनं डोळ्याला पदर लावला. मग केळुसकर म्हणून तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक उभे राहिले. त्यांना बाईंचं म्हणणं पटलेलं नव्हतं. ते म्हणाले, चित्रकाराच्या बालपणात शिरून चित्र कळत नाही. ही बाई कुणाचीच आई नाही, ही कुणीच नाही. चेहरा असला की माणूस 'अमुक' होतो. चेहरा काढून घेतला की उरतं ते नुसतं असणं. या चित्रांचा विषय ते असणं आहे. दोघांचं बराच वेळ चाललं. भांडण मोठं सभ्य होतं. दोघंही एकमेकांना 'आपण' म्हणत होते. मी दाराशी पाण्याच्या पिंपाजवळ उभी राहून ऐकत होते. दोघांची हुशारी मला कळत होती. पण ज्या जागेवरून ते भांडत होते ती जागा माझी होती, आणि तिथं काय होतं ते मला ठाऊक होतं.

कुणाला प्रश्न असतील तर विचारा, असं म्हणाले तसं मी पुढं झाले. आमच्या ऑफिसातल्या माणसानं मला हात करून मागं बोलावलं. मी गेले नाही.

"मला प्रश्न न्हाई," मी म्हटलं. "मला सांगायचं हाय. हितं तोंड व्हतं. त्ये माझं व्हतं. सरांनी लई चांगलं काढलं व्हतं. घरच्यांच्या भीतीनं मीच पुसायला लावलं."

सभागृहात कुठंतरी हसू फुटलं. वाईट हसू नव्हतं ते. कीर्तनात पोरगं मध्येच काही बोललं की हसतात तसलं.

केळुसकर साहेबांनी हात वर करून लोकांना गप्प केलं. "बाई, तुम्ही सांगता ते खरंही असेल," ते अगदी आदरानं म्हणाले. "पण ते चित्र कसं झालं याबद्दलचं सत्य आहे. चित्राबद्दलचं नाही. चित्र एकदा पुरं झालं की ते कुणाच्या भीतीचं राहत नाही."

परचुरे बाई सरांकडे वळल्या. "हेर्लेकर, तुम्हीच सांगा."

सर पहिल्या रांगेत हार घालून बसले होते. ते उठले, मागं वळले. त्यांनी मला बघितलं आणि त्यांचा चेहरा गोरामोरा झाला.

"ह्या शेवंताबाई," ते म्हणाले. "माझ्यासाठी बसायच्या. फार चांगल्या बसायच्या. त्यांच्याशिवाय यातलं एकही चित्र झालं नसतं. पण चेहऱ्याचं त्या म्हणतात तसं मला आठवत नाही. मी खोटं बोलत नाही, शेवंता. मी आठवून आठवून बघितलं. मला तिथं फक्त फडकं दिसतं."

आणि साठ वर्षांचा तो माणूस सगळ्यांसमोर हुंदके द्यायला लागला. लोक उभे राहिले. टाळ्या वाजायला लागल्या आणि बराच वेळ वाजत राहिल्या. मी पिंपाजवळ परत गेले.

सगळं आटोपल्यावर परचुरे बाई मला शोधत आल्या. मागच्या खोलीत माझ्यासाठी खुर्ची ओढली, स्वतः समोर बसल्या. मोठ्या घरच्या बाईनं मला अशी खुर्ची आजवर दिली नव्हती.

"शेवंताबाई, तुम्हाला राग आला असेल तर मला सांगा."

"राग न्हाई, बाई."

"मग आज अचानक का? इतकी वर्षं तुम्ही बोलला नाहीत."

त्यांनी माझा हात हातात घेतला आणि मी सांगून टाकलं. सरांनाही जे सांगितलं नव्हतं ते.

रंजी चोविसाव्या वर्षी गेली. निपाणीकडं दिली होती. कावीळ झाली, सासरच्यांनी महिनाभर झाडपाल्याचं औषध दिलं, मला कळवलं तेव्हा ती बोलत नव्हती. चार वर्षं झाली होती त्याला. तिचा फोटो एकच होता, लग्नातला, सासरी भिंतीवर. जावयानं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. मी फोटो मागायला गेले तर म्हणाला, वाळवी लागली म्हणून जाळला.

"आवाज ऐकू येतो, बाई," मी म्हटलं. "आई म्हणून हाक मारती तशी. पर तोंड धरता येत न्हाई. नाक धरलं की डोळं सुटत्यात, डोळं धरलं की हनुवटी सुटती. रंजी सगळी माझ्यावर गेली व्हती. बघणारं म्हणायचं, शेवंताच परत जल्माला आली. तिचा तीळसुदीक माझ्याच जागी. आरशात बघावं तर म्हातारी दिसती. माझ्या जवानीतलं तोंड नीट बघितलेलं माणूस जगात एकच, सर. त्यांनी माझं काढलं असतं, तर मला माझी पोरगी मिळाली असती."

परचुरे बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते खोटं नव्हतं. त्यांनी पिशवीतून वही काढली. "मी लिहून घेऊ का?"

"घ्या की."

त्यांनी खूप विचारलं. चेहरा पुसला तेव्हा काय वाटलं? रंजी गेल्यावर ही चित्रं पहिल्यांदा कधी आठवली? स्वप्नात येतात का? मी सगळ्याची उत्तरं दिली. त्या लिहीत होत्या आणि मला पहिल्यांदा हलकं वाटत होतं. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. लिहिलेलं खरं धरतात, एवढं मला माहीत होतं. वाटलं, आता पुस्तकात येईल. सर ते वाचतील. त्या पुस्तकानं एक गोष्ट सरांच्या मनात घातली, तसं ते एक गोष्ट परतही आणेल. मग त्यांचा हात सुटेल.

निघताना मी बाईंना विचारलं, "सरांना सांगाल न्हवं?"

"सांगेन," त्या म्हणाल्या. सांगितलं की नाही कोण जाणे. दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात सर गेले. हृदयाचा झटका आला, कामाच्या खोलीतच. शाळेतल्या मुलांसारखी आम्ही कॉलेजची माणसं रांगेनं घरी जाऊन आलो. त्यांच्या मंडळी मला म्हणाल्या, शेवटच्या दिवसांत रोज कागद लावायचे आणि रोज काढून ठेवायचे. काय काढत होते, मी विचारलं. त्यांनी मला आत नेऊन तो गठ्ठा दाखवला. शंभर तरी कागद असतील. कपाळ, कान, मान.

त्यातला एक मी मागून घ्यावा असं क्षणभर मनात आलं. पण तसल्या कागदाचं मी काय करणार होते?

पुस्तकाची दुसरी आवृत्ती दोन हजार साली कॉलेजात आली. मी तेव्हा नोकरीची शेवटची वर्षं भरत होते. वाचनालयात नव्या बाई आल्या होत्या, सांगलीच्या, मनमिळाऊ. नवी पुस्तकं आली की त्या मला चित्रं दाखवायच्या. मी फरशी पुसत होते तेव्हा त्यांनी हाक मारली.

"शेवंतामावशी, हेर्लेकरांचं पुस्तक आलंय. आपल्या कोल्हापूरचा उल्लेख आहे बघा."

मी फडकं बादलीत टाकून जवळ गेले. मोठ्या पुस्तकातल्या एका पानाच्या अगदी खाली, बारीक अक्षरांत होतं. मला ते वाचता येईना. त्यांनीच मोठ्यानं वाचलं.

"'कोल्हापूर येथील परिसंवादात, एकेकाळी या चित्रकारासाठी बसलेल्या एका स्त्रीने, चित्रात मूळचा आपला चेहरा होता व तो आपल्या आग्रहावरून पुसला गेला, अशी धारणा व्यक्त केली. या स्त्रीची तरुण मुलगी काही वर्षांपूर्वी निधन पावली होती. पाहणारा त्या रिकाम्या जागेत स्वतःचे हरवलेले माणूस शोधतो, या आपल्या प्रतिपादनाला याहून बोलका पुरावा मिळणार नाही.'"

वाचून झाल्यावर बाईंनी पुस्तक माझ्याकडे वळवलं. "काय दुःख असेल ना बिचारीचं," त्या म्हणाल्या. "भ्रमच झाला म्हणायचा. कोण असेल हो ही? तुम्ही तर तेव्हापासून इथे आहात."

मी पुस्तकाकडे बघितलं. त्या ओळी केवढ्या होत्या! दोन बोटं आडवी ठेवली असती तर झाकून गेल्या असत्या.

"लई बायका बसायच्या, बाई," मी म्हटलं. "असंल त्यातलीच एक."

त्यांनी पुस्तकावर शिक्का मारला, नंबर घातला आणि ते कपाटात उभं करून ठेवलं. मी बादली उचलली. खाली पहिल्या वर्षाची मुलं यायची वेळ झाली होती आणि त्यांचा वर्ग अजून झाडायचा राहिला होता.